फॉर्म वाटण्याआधी एकदा कामगारांच्या कँटीनमध्ये जेव

अगं, तुझा मेल परवाच वाचला होता, उत्तराला आज सवड मिळाली. चाकणच्या प्लांटमध्ये कामगारांच्या खाण्याच्या सवयींचा सर्व्हे करतीयस, मस्तच, पण ती प्रश्नावली बघून मी जरा हसलेच. "आठवड्यात पालेभाजीच्या किती सर्व्हिंग घेता?" लाइनवर उभं राहणाऱ्या माणसाला सर्व्हिंग काय माहीत, त्याला वाटी कळते, पळी कळते, आणि भाकरी म्हणशील तर बायको थापते तेवढी. आणि पोळी लिहिलंयस तिथे चपाती कर बाई, तिथल्या बऱ्याच पोरांकडे पोळी म्हणजे पुरणाची, ती महिन्यातून एकदा असंच लिहिणार आणि तू रिपोर्टात लिहिशील की ही माणसं गहू खातच नाहीत!

भाजी या शब्दाचंही तेच. बटाट्याची भाजी लोक भाजीतच धरतात, पण डब्ल्यूएचओ रोज किमान 400 ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते त्यात बटाटा मोजत नाहीत, म्हणून तो प्रश्न वेगळा काढ. वडापाव, भजी, चहाबरोबरची खारी, याला तर कोणी खाणं समजतच नाही. "नाश्ता केला का" विचारलं तर नाही म्हणेल आणि सकाळपासून दोन वडापाव झालेले असतील. चहाचं पण किती कप एवढंच विचारू नको, त्यात साखर किती तेही विचार.

आता मला जे ठेच लागून कळलं ते सांगते. माझ्या पहिल्या सर्व्हेत एका कंपनीत (नाव नको) फॉर्मवर एम्प्लॉयी कोड होता, आणि फॉर्म गोळा करायला सुपरवायझर. उत्तरं इतकी गोड आली की काय सांगू, कोणी तंबाखू खात नाही, कोणी तेलकट खात नाही, सगळे रोज सॅलड खातात. मी खुश!! मग कँटीनला जेवायला बसले तर काकडीची ताटली जशीच्या तशी परत जात होती. माणसं खोटारडी नव्हती गं, त्यांना वाटलं हे मेडिकलच्या फाइलला लागणार आणि उद्या नोकरीवर गदा येणार. त्यामुळे एचआर काहीही म्हणू दे, नाव नको, कोड नको, विभाग पण नको जर त्या विभागात चारच माणसं असतील, आणि फॉर्म बंद पेटीत. दोनदा विचारून उत्तरं जुळवायची असतील तर कामगारालाच स्वतःचा एक खुणेचा शब्द निवडू दे.

दुसरं, चोवीस तासांचं रिकॉल, म्हणजे गेल्या दिवसभरात काय खाल्लं ते आठवून सांगणं. "काल काय खाल्लं?" नाइट शिफ्टवाल्याचा काल कुठला? रात्री दोनला कँटीनमध्ये जेवला ते काल का आज? त्याला विचार, झोपून उठल्यापासून परत झोपेपर्यंत काय काय पोटात गेलं. आणि रिकॉल एकाच वाराला उरकू नको. त्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, आणि गुरुवार पाळणारा माणूस बुधवारी रात्रीच मटण उरकून घेतो, तू सोमवार-मंगळवारीच गेलीस तर सगळा प्लांट शाकाहारी दिसेल. श्रावणात तर जाऊच नको, गेलीस तर तारीख ठळक लिही. उपासाचा प्रश्न हवाच, आणि उपासाला काय खातात तेही, कारण साबुदाणा खिचडी म्हणजे काही कमी खाणं नव्हे.

मीठ मात्र प्रश्नावलीवर मोजायचा हट्ट सोड. दिवसाला 5 ग्रॅमच्या आत हवं हे ठीक आहे, पण आमटीत किती पडलं ते जेवणाऱ्याला काय माहीत, ते मोजायला चोवीस तासांची लघवी तपासावी लागते, तेवढं बजेट तुझ्याकडे नाही. लोणचं-पापड किती वेळा, वरून मीठ घेतो का, एवढ्यावर भागव. तेलाचं पुरुषांना विचारून उपयोग नाही, घरी महिन्याला किती तेल येतं आणि खाणारी तोंडं किती हे विचार, नाहीतर फोन लावून बायकोलाच विचारतात, मी पाहिलंय. कँटीनच्या तेलाचा हिशोब कॉन्ट्रॅक्टरकडून घे, किती डबे आणि किती ताटं. हैदराबादच्या एनआयएनचे (राष्ट्रीय पोषण संस्था) 2017 चे तक्ते आहेत ना, 528 पदार्थांत कुठले पोषक घटक किती ते सांगणारे, ते मुख्यतः कच्च्या जिनसांचे आहेत, वडापावचा हिशोब तुलाच बेसन, बटाटा, तेल असा मांडावा लागेल.

आधी दहा जणांवर करून बघ, आणि "कधीतरी" हा पर्याय काढून टाक, सगळे त्याच्यावरच टिक करतात. ते दहा फॉर्म मला फोटो काढून पाठव. आणि हो, कँटीनच्या वाटीत किती मिली मावतं ते पाणी ओतून मोजून आण, आपल्या घरच्या वाटीवर जाऊ नको.