एनसी नोंदवून काय उपयोग?

प्रश्न : लातूर जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी आमचे घर आहे. समोरच्या पानटपरीजवळ रात्री बारापर्यंत आरडाओरड आणि स्पीकरवर गाणी चालतात. गच्चीवर बाज टाकून झोपणाऱ्या वृद्ध वडिलांचा डोळा लागत नाही. ११२ वर फोन केला की गाडी येते, आवाज थांबतो आणि गाडी वळताच पुन्हा सुरू होतो. ठाण्यात गेलो, तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली. तिचा उपयोग होतो का?

उत्तर : होतो, पण ती नोंद तशीच पडू देऊ नका. सार्वजनिक उपद्रव हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ खालील अदखलपात्र गुन्हा असून त्याला १,००० रुपयांपर्यंत दंड आहे. अशा गुन्ह्यात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही आणि वॉरंटाशिवाय अटकही करता येत नाही. त्यामुळे गाडीतील अंमलदार बहुधा समज देऊन परततात. मारामारीने शांतता भंगली, तर मात्र गुन्हा दखलपात्र होतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे अशा नोंदींचा दैनंदिनी अहवाल दर पंधरवड्याला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावा लागतो. म्हणून प्रत्येक वेळी नोंदीचा क्रमांक, तारीख आणि वेळ मागून घ्या. दोन-तीन नोंदी झाल्या की त्या जोडून पोलीस निरीक्षकांकडे लेखी अर्ज करा आणि याच सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली, म्हणजे ज्याला ठाण्यात चॅप्टर केस म्हणतात, ती कारवाई मागा. त्यात कार्यकारी दंडाधिकारी संबंधितांकडून एक वर्षापर्यंत शांतता राखण्याचे बंधपत्र घेऊ शकतात. माझ्या मते तुमच्यासाठी हाच खरा मार्ग आहे.

स्पीकरचा मुद्दा अर्जात स्वतंत्र मांडा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार, शासनाने सवलत दिलेले मोजके दिवस वगळता, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे.

लहान गावात खरी अडचण वेगळीच असते. रात्री तक्रार करणाऱ्यालाच सकाळी त्या टपरीसमोरून जावे लागते आणि नाव फुटेल या धास्तीने शेजारी गप्प बसतात. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ध्वनिक्षेपकांच्या प्रकरणात सांगितले आहे की, पोलिसांनी तक्रारदाराची ओळख न मागता कारवाई करावी आणि ओळख कळली तरी ती समोरच्याला सांगू नये. ११२ वर फोन करतानाच नाव गुप्त ठेवण्यास सांगा आणि शेजाऱ्यांनाही हे सांगून त्यांना स्वतंत्रपणे फोन करायला लावा.