मे महिन्यातच पाऊस लागला तर धूळवाफ कशी करायची? – वाचकांचे प्रश्न

यावेळी डोंगराकडच्या वाचकांची पत्रं जास्त आलीत. शिराळा, पाटण, जावळी, महाबळेश्वर. सगळ्यांची जमीन थोडी, कुणाची वीस गुंठे कुणाची दोन एकर, आणि रडगाणं एकच की पाऊस वेळेवर नाही. म्हणून सगळी जागा त्यांनाच देतोय.

प्रश्न: आमचं शेत शिराळा तालुक्यात, चांदोलीकडं जाताना. दोन एकर जमीन, त्यात एकरभर भात. रोहिणी नक्षत्र निघालं की धूळवाफ पेरणी, म्हणजे कोरड्या मातीत बी टाकायचं, ही आजोबांपासूनची पद्धत. 2025 ला मे महिन्यातच पाऊस लागला, वापसाच आला नाही (रान पेरण्याजोगं सुकलंच नाही), शेवटी जूनमध्ये चिखलात कसंतरी बी टाकलं आणि तणानं भात खाऊन टाकलं. आता धूळवाफ सोडून द्यायची का?

उत्तर: सोडू नका दादा, पण एकट्या धूळवाफेच्या भरवशावर पण बसू नका. धूळवाफेचं सगळं गणित कोरड्या मातीवर असतं, बी मातीत निवांत पडून राहतं आणि मृगाच्या पावसानं उगवून येतं, मोठा पाऊस लागायच्या आत भातानं पाय रोवलेले असतात, शिवाय लावणीची मजुरी वाचते. पण 2025 ला मान्सून केरळात 24 मेला आला आणि 26 मेला मुंबईत (तिथली नेहमीची तारीख 11 जून आहे), आणि त्याच्या आधी वळीव कोसळतच होता. म्हणजे रोहिणी निघायच्या आधीच रान ओलं. असं दरवर्षी होणार नाही, पण परत होणारच नाही असं धरून चालणं आता परवडणारं नाही.

म्हणून असं करा की सगळं बी एकदम पेरायला काढायचं नाही. एकरातल्या वीस गुंठ्यांना पुरेल एवढ्या रोपाची तयारी मेच्या सुरुवातीलाच, माती कोरडी असताना करून ठेवायची. दहा गुंठे लावणीला एक गुंठा रोपवाटिका लागते, म्हणजे तुमचं काम दोन गुंठ्यांत भागतं. जागा उंचवट्याची बघा, गादीवाफे (मातीचे उंच वाफे) करा, मधल्या सरीतनं पाणी निघून गेलं पाहिजे. वळीव लवकर लागला आणि धूळवाफ हुकली तर सरळ या गादीवाफ्यावर बी टाकायचं. टाकायच्या आधी मिठाच्या पाण्यात बुडवून घ्या, दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ, वर तरंगेल ते पोचट काढून टाकायचं, खाली राहिलेलं दोन-तीन पाण्यानं धुऊन सावलीत सुकवायचं. फुकटातलं काम आहे पण कितीतरी घरांत करत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

रोप 21 ते 25 दिवसांचं झालं की चिखलणी करून लावायचं, चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) दोन-तीन रोपं. मध्येच पावसानं दडी मारली आणि रोप जून म्हणजे जास्त दिवसांचं झालं तर चुडात चार-पाच धरा, कारण जून रोपाला फुटवे कमी येतात. चिखलणीनं तण पण बरंचसं दबतं, तुमची मूळ तक्रार तीच आहे ना. राहिला प्रश्न माणसांचा. मजूर मिळत नाही हे सगळेच लिहितात, पण तुमच्या भागात पैरा (एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं राबणं) अजून चालतो, चार घरांनी आधीच बसून कुणाचं शेत कधी लावायचं ते ठरवलं तर वीस गुंठ्यांना मजूर शोधत फिरायला लागत नाही.

अजून एक, खत. मुसळधार पावसात फेकून दिलेला युरिया ओढ्याला जातो, पैसे वाहून जाताना दिसत नाहीत एवढंच. युरिया-डीएपीची ब्रिकेट गोळी मिळाली तर घ्या, चार चुडांच्या मधोमध एक गोळी चिखलात बोटभर खोल खोचायची, खत तिथंच राहतं आणि हळूहळू लागू पडतं. आणि बांधावर गिरीपुष्पाची झाडं लावा, पाला चिखलणीत गाडता येतो.

प्रश्न: पाटण तालुक्यात डोंगराला लागून शेत आहे. जुलै 2021 ला वरच्या दोन ताली (दगडी बांध) वाहून गेल्या. माणमधले आमचे पाहुणे म्हणतात उतारावर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले) मारा, पाणी अडवा. मारू का?

उत्तर: पाहुणे त्यांच्या गावचं बरोबर सांगतायत, पण तुमच्या डोंगरात तसं करू नका. माण-खटावला वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तिथं थेंब न थेंब अडवायला पाहिजे. आणि 2021 च्या त्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास सहाशे मिलिमीटर पडला, म्हणजे माणचा वर्षाचा पाऊस एका दिवसात. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी आल्या आणि माणसं गेली. अशा उभ्या उतारावर चर भरून पाणी उभं राहिलं की ते मातीत मुरतं, माती जड होते आणि खालच्या खडकावरनं सुटते. तुमच्याकडं पाणी अडवायचं नाही, त्याला वाट द्यायची.

शेताच्या वरच्या अंगाला एक आडवा पाट काढा, थोडासा उतार देऊन, आणि तो नैसर्गिक ओढ्यालाच नेऊन सोडा, शेजाऱ्याच्या शेतात नाही. ताली परत रचताना दगड आतल्या बाजूला कललेले ठेवा आणि प्रत्येक तालीला जास्तीचं पाणी जायला सांडवा पाहिजे, सांडव्यातलं पाणी खाली पडतं तिथं दगड लावा, नुसत्या मातीवर पडलं तर दोन पावसाळ्यांत खड्डा आणि मग ताल पोटातनं फुटते. तालीच्या डोक्यावर वाळा गवत लावा, मुळं सरळ खाली जातात. ओढ्याच्या काठाला बांबू. आणि घरासाठी म्हणा रस्त्यासाठी म्हणा, जेसीबीनं डोंगराचा पाय कापू देऊ नका, कितीही सोयीचं वाटलं तरी.

आणि हे नीट लक्षात ठेवा: पावसाळ्यात वरच्या उताराला लांब भेग दिसली, नेहमीच्या झऱ्याला अचानक गढूळ पाणी आलं, किंवा झाडं नाहीतर लाईटचे खांब कलायला लागले तर पंचनाम्याची वाट बघत बसायचं नाही, जनावरं सोडायची आणि माणसं घेऊन घर सोडायचं. शेत मागनं बघता येतं.

प्रश्न: जावळी तालुक्यातनं लिहितेय. मालक आणि दीर मुंबईला माथाडीत, शेत मी आणि सासूबाई बघतो. नाचणी करतो. अलीकडं ऑक्टोबरात पाऊस लागतो आणि कणसाला उभ्या उभ्या कोंब येतात. दुकानदार म्हणतो घरचं बी टाकून द्या, एकच सुधारित बी घ्या. काय करू?

उत्तर: ताई, घरचं बी अजिबात टाकून देऊ नका. पाऊस आता उशिरापर्यंत रेंगाळतो हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे, हवामान खात्यानंच 2020 मध्ये राजस्थानातनं परतीचा मान्सून सुरू व्हायची तारीख 1 सप्टेंबरवरनं 17 सप्टेंबरवर नेली. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या मध्याला सातारा-सांगलीत काय पाऊस झाला ते तुम्हाला आठवत असेल.

अशा वेळी सगळं रान एकाच दिवशी पिकणारं असेल तर सगळंच एकदम भिजतं. म्हणून अर्ध्या रानात हळवी (लवकर पिकणारी), अर्ध्यात गरवी (उशिरा पिकणारी), आणि रोप पण आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोनदा टाका. सुधारित बी घ्यायचंच असेल तर फुले नाचणी किंवा फुले कासारी थोड्या रानात करून बघा, बाकीचं घरचं. लावणीच्या नाचणीला एकरी दोन किलो बी लागतं, त्यामुळं दोन-तीन जातींचं बी घरात ठेवणं काही अवघड नाही.

आता शेतात जाऊन कणसं हातात घेऊन बघा. काही कणसांची बोटं मुठीसारखी आत मिटलेली असतात, त्यात पावसाचं पाणी अडकून राहतं आणि आतल्या दाण्याला कोंब येतो. काहींची बोटं उघडी असतात, ती वाऱ्यानं लवकर वाळतात. पुढच्या वर्षीचं बी उघड्या बोटांच्या, न लोळलेल्या ताटांवरनं निवडा, ढिगातनं नाही, उभ्या शेतातनं. यात सासूबाईंची नजर तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली असणार, त्यांना पुढं करा. आणि सगळी कापणी एकदम न करता पिकतील तशी कणसं खुडून घ्या, पडवीत पसरा.

प्रश्न: महाबळेश्वर तालुका. शेताची माती वाहून गेली पण मदत मिळाली नाही. नियम काय आहे?

उत्तर: महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, आणि पिकाचं नुकसान 33 टक्के किंवा जास्त लागतं. तुमच्याकडं पावसाळ्यात 65 म्हणजे रोजचाच पाऊस, हा निकष डोंगराला धरून केलेलाच नाही आणि तो बदलायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. पण तोपर्यंत एवढं करा: पीक गेलं आणि जमीन खरडून गेली ही दोन वेगळी नुकसानं आहेत, अर्जात दोन्ही वेगवेगळी लिहा. फोटो काढताना शेजारची ओळखीची खूण फोटोत येऊ द्या, तलाठ्याकडं अर्ज देऊन पोच घ्या. सातबारा सामाईक असेल तर बाकीच्यांचं संमतीपत्र मागतात आणि भाऊबंद मुंबईला असले की तिथंच महिना जातो, म्हणून गावच्या यात्रेला सगळे आले की मदत कुणाच्या खात्यावर घ्यायची हे बोलून ठेवा आणि आधार, पासबुकाच्या झेरॉक्स घरात एका पिशवीत ठेवून द्या.