‘चार्ज’ दिसला की आधी कागद कुणाचा ते बघा

अनुवादाचं काम नवीन घेतलंय ना? मग ‘चार्ज’ या शब्दापासून जपून राहा. कोर्टाच्या कागदात तो दोषारोप, म्हणून चार्जशीट म्हणजे दोषारोपपत्र. वीजबिलात तोच ‘आकार’ होतो: स्थिर आकार, वहन आकार. भौतिकशास्त्रात प्रभार. गंमत म्हणजे सरकारी कचेरीतही ‘प्रभार’ चालतो, पण तिथे तो धन किंवा ऋण नसतो, फक्त ‘अतिरिक्त’ असतो!

खरी मेख जमिनीच्या कागदात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 100 मध्ये ‘चार्ज’ येतो तो असा, की मिळकत कुणाच्या देण्यासाठी तारण ठरते, पण ते गहाण नसतं. आपल्याकडे सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात लिहितात तो बोजा. मी सुरुवातीला एका खरेदीखतात ‘जमिनीवर कोणतेही शुल्क नाही’ असं ठोकून दिलं होतं. वकिलांनी लाल शाईनं खोडून वर लिहिलं, ‘बोजा’. तेव्हापासून आधी त्याच विषयाचा एखादा मूळ मराठी दस्त वाचतो, कोश नंतर उघडतो.

लाठीचार्जला मात्र हात लावू नका. तो आपलाच झालाय.