शांघायचा पगार: आकड्याआधी शाळेची फी बघा

तुमचा प्रश्न असा: पुण्यातली नोकरी सोडून बायको आणि सहा वर्षांच्या मुलीसह शांघायला जायचं, तर वर्षाला 5 लाख युआन पुरतील का, आणि तिथल्या पैसेवाल्या सहकाऱ्यांत निभाव लागेल का?

एकट्याला भरपूर. तिघांचं सगळं गणित मुलीच्या शाळेवर. कर आणि सामाजिक विमा जाऊन हातात 4 लाखांच्या आतबाहेर येतील, आणि इंटरनॅशनल शाळेची फी वर्षाला 2 लाखांच्या वरच. म्हणून घरभाडं आणि फी करारात पगारापासून वेगळी लिहून घ्या. परदेशी कर्मचाऱ्यांना या भत्त्यांवर 2027 अखेरपर्यंत करमाफी आहे, पण फापिआओ म्हणजे अधिकृत बिल लागतं. घरमालक ते द्यायला कुरकुरतात किंवा त्यावरचा कर भाड्यात चढवतात. तेव्हा सही करण्याआधीच विचारा.

सरकारी शाळा स्वस्त, पण शिक्षण चिनीत. शिवाय प्रवेशात शांघायचा हुकोउ (कायम रहिवासी नोंद) आणि त्याच भागात स्वतःचं घर असणाऱ्यांचा नंबर आधी. म्हणूनच नावाजलेल्या शाळेच्या हद्दीतली लिफ्ट नसलेली, पोपडे उडालेली 40 चौरस मीटरची घरं नव्या टॉवरपेक्षा चढ्या दराने विकली जातात. भाडेकरू रांगेत शेवटी. दलाल ‘शाळा चांगली’ म्हणून भाडं वाढवून सांगेल, ते पैसे पाण्यात.

घर भाड्याने घेताना एक महिन्याची अनामत, तीन महिन्यांचं भाडं आगाऊ आणि वर दलाली, एवढी रोकड जवळ हवी. अनामत बुडते ती बहुधा भिंतीवरच्या डागांपायी. किल्ली घेतानाच व्हिडिओ काढून मालकाला वीचॅटवर (तिथलं मेसेज आणि पैसे पाठवायचं ॲप) पाठवा. राहायला गेल्यापासून 24 तासांत पोलीस चौकीत नोंद करा. त्या पावतीशिवाय निवास परवाना अडतो, आणि त्याचा अर्ज देशात आल्यापासून 30 दिवसांत द्यायचा असतो.

सहकाऱ्यांची बरोबरी करायला जाऊ नका. पेट्रोल गाडीची नुसती नंबरप्लेट लिलावात 90 हजार युआनच्या घरात जाते, आणि अनेकांच्या घरामागे दोन्हीकडच्या आईवडिलांची पुंजी असते. ‘घर घेतलंस का? पगार किती?’ हे तिथे सहज विचारतात. हसून ‘भाड्याचं’ म्हणा, पगाराचं मोघम सांगा. लग्नाला लाल पाकिटात 600 किंवा 800 युआन चालतात. 4चा आकडा टाळा आणि पाकीट कागदीच द्या, कारण वीचॅटचं साधं पाकीट 200 युआनवर थांबतं.