तारखेला कुणी गेलंच नाही, दावा निघून गेला

प्रश्न : नमस्कार वकीलताई, आमची तासगाव तालुक्यात शेती आहे. शेजाऱ्याने 2014 मध्ये बांध कोरत कोरत 4 गुंठे आत घेतले, मोजणी करून वडिलांनी 2016 ला ताब्यासाठी दावा घातला. आधी ते प्रत्येक तारखेला जायचे, मग वकील म्हणाले कशाला हेलपाटे मारता, गरज पडली की बोलावतो. नंतर कोरोना, मग वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, राहूनच गेलं. गेल्या महिन्यात चौकशी केली तर दावा नोव्हेंबर 2021 मध्येच काढून टाकलाय! वकील म्हणतात टेन्शन नका घेऊ, नवीन दावा टाकू. टाकावा का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : थांबा दादा, नवीन दाव्याच्या कागदावर वडिलांची सही अजिबात घेऊ नका. आधी कोर्टातून त्या दिवसाच्या रोजनाम्याची (त्या तारखेला कोर्टात काय घडलं त्याची नोंद) आणि हुकुमाची नक्कल काढा. त्यात "पुकारा केला असता वादी व वादीचे वकील गैरहजर" असं काहीतरी असेल, पण तुम्ही पुढची ओळ बघा, प्रतिवादी हजर होता का? सगळी गोम तिथेच आहे. दोघंही गैरहजर असतील तर मुदतीत नवा दावा चालतो. शेजारी किंवा त्याचा वकील हजर असेल तर त्याच कारणासाठी नवा दावा घालताच येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेतला ऑर्डर 9 नियम 9 आडवा येतो. आणि चालत असला तरी मुदत बघा ना, ताब्यासाठी 12 वर्षं, म्हणजे 2014 चे 2026 होतात, ती उलटली की शेजारी छाती पुढे काढून म्हणणार माझीच जमीन, माझीच वहिवाट. जुना दावा रिस्टोर झाला, म्हणजे कोर्टाने तो पुन्हा चालू केला, तर मात्र तो 2016 चाच धरला जातो, म्हणून सगळा जोर त्यावर लावा.

रिस्टोरच्या अर्जाला मुदत असते 30 दिवस. कोरोनात सुप्रीम कोर्टाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला होता आणि पुढे 90 दिवस दिले होते, म्हणजे तुम्हाला मे 2022 अखेरपर्यंतची सवलत आपोआप मिळते. उशीर तिथून पुढचा, त्यासाठी सोबत विलंब माफीचा अर्ज आणि शपथपत्र.

आता खरं अवघड काम. 1987 च्या कातीजी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की उशीर माफ करताना उदार राहा, दिवसादिवसाचा हिशोब अगदी काटेकोर मागत बसू नका, पण म्हणून "वकिलाने सांगितलं नाही" एवढ्या एका वाक्यावर इतकी वर्षं माफ होतील असं समजू नका. ईकोर्ट्सचं ॲप फुकट आहे, केस नंबर टाकला की पुढची तारीख दिसते, जज हेच विचारतील की एकदाही बघितलं नाहीत का? (मलाही हेच विचारायचंय.) तेव्हा दवाखान्याचे कागद, डिस्चार्ज कार्ड, वकिलांना केलेले व्हॉट्सॲप मेसेज, फी दिल्याचे पुरावे, सगळं तारखेनिशी लावा, आणि ऑपरेशन दोन महिन्यांचं असेल तर दोन वर्षांचं सांगू नका, उलटतपासात लगेच उघडं पडतं. कोर्ट बहुतेक कॉस्ट, म्हणजे खर्चापोटी भरायची रक्कम, लावेल, ती निमूट भरा. अर्ज फेटाळलाच तर 30 दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील आहे.

वकील बदलायचा असेल तर आत्ताच बदला, कारण चूक कुणाची हे त्यांच्याच अर्जात त्यांनाच लिहावं लागणार, ते कसं लिहितील? आणि शेजाऱ्याचा ताजा सातबारा काढा, मधल्या काळात त्याने जमीन विकली असेल तर नवा मालकही या भानगडीत येणार.