वीस-पंचवीस मुलाखतींवर पीएचडी होते का? होते की!

केज तालुक्यातून एका मुलीचं पत्र आलंय. एमए सोशॉलॉजी झालंय, नेट (यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची पात्रता परीक्षा) फक्त पीएचडीच्या कॅटेगरीत निघाली, विषय घ्यायचाय ऊसतोडीला जाणाऱ्या बाया. पण कॉलेजातले एक सर म्हणाले, तीनशे फॉर्म भरून घे अन् एसपीएसएसला (आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरला) टाक, नुसत्या मुलाखती म्हणजे गोष्टी, रिसर्च नव्हं.

पोरी, घाबरायलीस कामून? किती बाया दरसाल जातात, उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) किती घेतात हे मोजायचं असलं तर सर म्हणतात तसे फॉर्मच लागतील. पण तू लिहिलंयस की नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, धरतात, उचल नवऱ्याच्या हातात पडते, मग बाई आपल्या कष्टाचा हिशोब मनात कसा ठेवते हे तुला शोधायचंय, आणि हे काही टिक करून कळायचं नाही, बसून ऐकावंच लागतं.

आकड्याचं म्हणशील तर ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी 1967 मध्येच सॅच्युरेशनची कल्पना मांडलीय. नव्या मुलाखतीतून तुझ्या मुद्द्यात नवी भर पडेना झाली की थांबायचं. फक्त ते कशावरून ठरवलं हे थिसिसमध्ये दाखवावं लागतं, व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) तिथंच पकडतात.

मी माझी पहिली मुलाखत टाइप करायला बसलो तर एका तासाच्या रेकॉर्डिंगला दोन दिवस गेले आणि कागदावर दिसलं की बाई गप्प झाली की मी लगेच पुढचा प्रश्न टाकायलो होतो, ती आठवत होती आणि मी तिला आठवूच देत नव्हतो. हे कुठल्या लेक्चरमध्ये कळलं नाही मला, स्वतः टाइप केलं म्हणून कळलं, त्यामुळं पहिल्या चार-पाच तरी स्वतःच टाइप कर, पैसे देऊन करून घेऊ नकोस.

तुझी अडचण आणखी वेगळीय, तू त्याच गावची. मावशी म्हणणार, "तुला तं माहितीच हाय की." तिथं मान हलवलीस की मुलाखत गेली. म्हणायचं, मला नाही माहीत मावशी, तुम्ही सांगा. आणि नवरा शेजारी बसला असंल तर उत्तर तोच देतो, तेही वहीत लिहायचं, कोण बसलं होतं, कोण उठून गेल्यावर आवाज बदलला. मुकादमाचं (टोळी नेणाऱ्याचं) नाव, गावाचं नाव थिसिसमध्ये बदल, उद्या त्या बाईला त्याच टोळीत जायचंय.

अॅडमिशनचं थोडक्यात: तुझा नेट स्कोअर एकच वर्ष चालतो, 70 टक्के वेटेज त्याला आणि 30 टक्के इंटरव्ह्यूला, म्हणून संभाजीनगर, नांदेड दोन्ही विद्यापीठांच्या जाहिरातींवर लक्ष ठेव, तुळजापूरला टिसचं (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं) कॅम्पसही आहे. 2022 च्या यूजीसी नियमांनी कोर्सवर्क (पीएचडीतला शिकायचा अभ्यासक्रम) किमान 12 क्रेडिटचं, एकूण मुदत तीन ते सहा वर्षं, हे वडिलांना आधीच सांगून ठेव. पण कोर्सवर्कमध्ये मुलाखत घ्यायला शिकवतीलच असं नाही, म्हणून गाइड निवडताना त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे थिसिस शोधगंगेवर (थिसिसच्या ऑनलाइन संग्रहात) उघडून बघ. बायांचे शब्द त्यात दिसतात का, की नुसते टक्क्यांचे तक्तेच आहेत?

आत्ता टोळ्या गावातच आहेत. दिवाळीच्या आसपास निघाल्या की फडावर पहाटेपासून रात्रीपर्यंत बाईला बोलायला फुरसत नसते. तेव्हा कोपीवर (त्यांच्या झोपडीवर) जाऊन बघायचं आणि निवांत बोलायचं ते गावात. दसऱ्याआधी दोन मुलाखती घे, टाइप कर आणि नावं काढून मला पाठव, मी ओळ न् ओळ वाचतो.