अमेरिकेतल्या छोट्या गावातलं एखादं सरकारी हायस्कूल इतिहासात गाजलंय का?

हो, टेनेसीतलं क्लिंटन हायस्कूल. गोऱ्यांच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांच्या प्रवेशावरून गाजलेलं आर्कान्सातलं लिटल रॉक सगळ्यांना ठाऊक असतं, पण हे त्याच्या वर्षभर आधीचं. गावात हायस्कूल असूनही कृष्णवर्णीय मुलांना बसने नॉक्सव्हिलला जावं लागे. कोर्टाच्या आदेशानंतर ऑगस्ट १९५६ मध्ये बारा जण टेकडीवरच्या वस्तीतून चालत उतरले आणि गोऱ्यांच्या त्या शाळेत गेले. दंगल पेटली, गव्हर्नरने नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैन्य, धाडलं. तरी त्या बाराजणांतला बॉबी केन १९५७ मध्ये तिथूनच पास झाला. केवढी हिंमत त्या पोराची!

५ ऑक्टोबर १९५८ ला पहाटे कुणीतरी शाळाच स्फोटाने उडवली. रविवार होता म्हणून मुलं वाचली. मग शेजारच्या ओक रिजमधल्या रिकाम्या शाळेत वर्ग भरले. त्या बाराजणांची टेकडीवरची जुनी प्राथमिक शाळा आता संग्रहालय आहे. बाहेर बाराही जणांचे ब्राँझचे पुतळे उभे आहेत.